हौसाचा दोरा

"पोरी तीन आणि दोरे चार?" आबा आईवर ओरडले.

तेव्हा चपला घ्यायला आम्हा पोरींना बाजारात नेत नसत. आई प्रत्येकीच्या पावलाएवढा दोरा तोडून आबांकडे द्यायची.

"चौथा हौसाचा," आई म्हणाली.

माझी थोरली बहीण हौसा तापानं जाऊन महिना झाला होता. आबांनी चौथा जोडही आणला. आईनं तो दाराशी ठेवला.

खोटं सांगत असेन तर जीभ झडो, संक्रांतीपर्यंत त्याचे तळ झिजले! आबांनी मलाच धोपटलं. पण मला त्या चपला ढगळ व्हायच्या.

पुढच्या वर्षी हौसाचा दोरा आधीपेक्षा बोटभर लांब निघाला.

"माप कुणी घेतलं?"

"मी नाही. तिच्या चपलेतच सापडला," आई म्हणाली.

आबांनी दोरा कितीतरी वेळ मुठीत धरला. मग पटका बांधत म्हणाले, "यंदा वाढत्या मापाच्या आणतो."