घरचा करार

लमाँटच्या आईला आता लेकाशिवाय कुणीच ओळखू येत नव्हतं, आणि ती त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून घासही घेत नव्हती. म्हणून लॉस एंजेलिसच्या बास्केटबॉल संघाने दुप्पट पैसे देऊ केले, तरी त्याने सेंट लुइस सोडलं नाही. आपल्या जुन्याच संघाशी निम्म्या पैशांत चार वर्षांचा करार केला.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" एजंट हर्ब करवादला. "बरं, पैसे सोड. पण तुला विचारल्याशिवाय संघ तुला दुसऱ्या संघाला देणार नाही, एवढं तरी लिहून घे! बारा वर्षं खेळलायस, हक्क आहे तुझा."

"घरच्या माणसांकडून काय लिहून घ्यायचं, हर्ब?"

फेब्रुवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, तो आईला चमच्याने मक्याची पेज भरवत होता. तेवढ्यात संघाच्या मॅनेजरचा फोन आला.

"लमाँट, उद्या सकाळी सिॲटलला निघ. तिकडच्या दोन तरण्या पोरांच्या बदल्यात तुला दिलंय."

चमचा हातातच राहिला. आई तोंड उघडून वाट बघत होती.

"अहो, पण मी तुमच्याकडे निम्म्या पैशांत राहिलो ना!"

"अरे, म्हणूनच तर," मॅनेजर समजुतीने म्हणाला.



"पुरते पैसे घेतले असतेस, तर तेवढा पगार देऊन तुला घ्यायला कुणी तयारच झालं नसतं."