दोन पॅनल जास्त

समोरच्या बाईंच्या छतावर सोलर बसलं आणि शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पोटात दुखायला लागलं. वीज गेली की सगळी गल्ली अंधारात बुडायची, आणि समोरच्या खिडकीत मात्र लख्ख उजेड! "मिरवायची हौस, दुसरं काय?" म्हणत काकूंनी नवऱ्यामागे भुणभुण लावली. अखेर त्यांच्याही छतावर सोलर चढलं, समोरच्यांपेक्षा दोन पॅनल जास्तच.

ते बघायला समोरच्या बाई लगबगीनं आल्या. आता हिचं तोंड कसं उतरतं, म्हणून काकू टक लावून बघत राहिल्या.

बाईंनी मात्र त्यांचे हातच घट्ट धरले. "फार बरं झालं हो! आमची बॅटरी संपली, तर ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन तुमच्याकडे लावता येईल ना?"