वरच्या खोलीत कोणी राहत नाही

"तिसरा कप कोणाचा?"

नाकसाहेबांनी अगदी सहज विचारलं. शिक्षण-कर्ज खात्यातल्या या चौकशी अधिकाऱ्यांना ऑफिसात सगळे नाकसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. खोट्याचा वास त्यांना दारातूनच येतो, अशी ख्याती होती आणि ती त्यांना आवडायची.

"सवय," बाई म्हणाली. तिसऱ्या कपावर बशी झाकून तिने तो कडेला सरकवला.

बाई घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. धाकट्या भावाने पदवीनंतर पुढे शिकायला सरकारी कर्ज काढलं, तेव्हा हीच जामीन राहिली होती. दीड वर्षापूर्वी भाऊ परगावच्या वसतिगृहात तापाने गेला आणि हप्ते हिच्या गळ्यात पडले. आणखी चौदा वर्षं ते फेडायचे होते. दंतवैद्यांच्या उधाऱ्या वसूल होईपर्यंत बाईची दर महिन्याला तारांबळ उडे.

विद्यार्थी वारला तर सरकार कर्ज माफ करतं. पण मध्यंतरी असाच एक 'मयत' विद्यार्थी खात्याच्याच कँटीनमध्ये चहा पिताना सापडला आणि साहेब लोकांची भलतीच शोभा झाली. तेव्हापासून घरी जाऊन खात्री करायची आणि छापील फॉर्मवर खूण करायची, असा नियम झाला. फॉर्मवर दोनच चौकोन होते. एकापुढे 'विद्यार्थी घरी आढळला नाही' आणि दुसऱ्यापुढे 'आढळला'. पहिल्यावर खूण झाली की बाई मोकळी.

"अंत्यसंस्कार तिकडेच झाले?"

"हो. संसर्गाचा ताप होता म्हणून थांबले नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं."

"म्हणजे तुम्ही त्याला पाहिलं नाही."

"नाही."

बाईने एक कवळी उचलली आणि बारीक कानशीने घासायला घेतली. नाकसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मृत्यूचा दाखला परगावचा, शिक्का पुसट, तोंड कोणी पाहिलेलं नाही. तरी त्यांनी पेन पहिल्या चौकोनाकडे नेलं. सकाळचे अकरा वाजत होते, अजून दोन घरं व्हायची होती आणि बाईचा चेहरा खरंच ओढलेला होता.

तेवढ्यात वर आवाज झाला.

ठक. मग काहीतरी फरफटल्यासारखं, मग लोखंडाची बारीक किणकिण. पुन्हा ठक.

नाकसाहेबांनी झटकन छताकडे पाहिलं. बाईने पाहिलं नाही. कानस एका लयीत चालूच होती.

त्यांनी फाइल उघडली. तिसऱ्याच पानावर होतं ते: डावा पाय लहानपणापासून अधू, लोखंडी पट्ट्यांचा बूट, त्यासाठी सरकारकडून वेगळं अनुदान. अनुदानाच्या पावतीवर विद्यार्थ्याची तिरपी सही होती.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही. त्याची खोली होती."

"उंदीरबिंदीर आहेत का?"

"नाहीत."

ठक, फरफट, किणकिण. आवाज खिडकीकडून दाराकडे गेला. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. इथेच ही फसली, नाकसाहेब मनात म्हणाले. निर्दोष माणूस दचकला असता, निदान वर तरी बघितलं असतं. न बघण्यासाठी तयारी लागते. मग त्यांना घड्याळाखालचं गोळ्यांचं पाकीट दिसलं.

"या कोणाच्या?"

"माझ्या. डॉक्टरांनी दिल्यात."

"कशासाठी?"

"अशाच," बाई म्हणाली आणि कवळी उजेडात धरून बघू लागली.

त्यांना राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. भावाला कर्जातून सोडवायला ही त्याला जिवंतपणी मारून बसली होती, वर त्याला चहाही नेऊन देत होती! त्यांनी फॉर्म पालथा ठेवला.

"ताई, आता पुरे. वर तुमचा भाऊ चालतोय. पाय ओढत चालतोय. मी काही बहिरा नाही."

कानस पहिल्यांदाच थांबली. बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"किल्ली द्या."

तिने कमरेची किल्ली काढून दिली. नाकसाहेब तरातरा जिना चढले. कुलूप गंजलेलं होतं, दोन्ही हातांनी पिरगळावं लागलं. दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले.

खोलीत एक खाट होती, पुस्तकं होती, आणि खुंटीला लोखंडी पट्ट्यांचा बूट टांगलेला होता. त्यात कोळ्याने जाळं केलं होतं. खिडकी आतून बंद होती. जमिनीवर धुळीचा सलग थर होता, त्यावर कुठे मुंगीच्या पायाचीही खूण नव्हती. त्यांनी पाऊल टाकलं, तेव्हा पहिला ठसा त्यांच्याच बुटाचा उमटला.

ते खाली कसे आले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बाई जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"डॉक्टर म्हणाले भास आहे. आवाज आला तरी वर बघायचं नाही, गोळ्या घ्यायच्या, थांबेल हळूहळू. दीड वर्ष मी वर बघितलं नाही, साहेब." तिने त्यांची बाही धरली. "तुम्हाला ऐकू आलं ना? खरंच आलं ना?"

नाकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

बाईने तिसऱ्या कपावरची बशी काढली. मग फॉर्म उलटून त्यांच्यापुढे ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं आणि दुसऱ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"'आढळला' लिहा, साहेब. हप्ते मी फेडीन."