मागची स्प्रिंग

वळणावर गाडी बाहेर पळते, पुढचं चाक हलकं लागतं, खड्डा आला की मागून दणका बसतो आणि दिव्याचा झोत रस्ता सोडून झाडांवर पडतो, असं लेकीनं एका दमात सांगून टाकलं. "आणि मी एकटीच चालवते हं," हे तिनं कुणी न विचारताच जोडलं.

बाबांनी फडक्याला हात पुसले, गाडी काढली आणि दोन वळणं मारून गॅरेजात परत आले.

"लोण्यासारखी चालतेय की."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"छे गं! तीस वर्षांत इतकी चोख तक्रार सांगणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही."

लेक हरखली. नुसत्या चालीवरून गाडीचं दुखणं ओळखणारा हा माणूस सहसा कुणाला शाबासकी द्यायचा नाही. बाबा मात्र गाडीमागे उकिडवे बसले आणि पाना लावून मागची स्प्रिंग एक खाच आवळली, मग दुसरी.

"मागे बसतो तो साठेक किलोचा असेल ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बासष्ट," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. महिनाभर घरात हा विषय कसा काढावा, या काळजीनं तिला घास गोड लागत नव्हता.

बाबांनी आणखी एक खाच आवळली.

"पासष्ट धरतो. रविवारी जेवायला आण त्याला. तुझी आई काही त्याला बासष्टवर परत पाठवायची नाही."