डावा पिंजरा

मागच्या पायाची रक्तवाहिनी बांधलेले उंदीर दोन पिंजऱ्यांत होते. उजव्यातल्यांना नवं औषध, डाव्यातल्यांना तुलनेसाठी काहीच नाही. महिन्यानं पाहिलं, तर दोन्हीकडचे पाय सारखेच सुधारलेले. संशोधक मॅडम चक्रावल्या.

पिंजरे साफ करणाऱ्या मावशींनी मान खाली घातली. "डावीकडच्यांना मी रोज बाहेर काढून थोडं चालवायचे. पायही चोळून द्यायचे."

"अहो मावशी, सगळ्या प्रयोगावर पाणी फिरवलंत! त्यांना नुसतं ठेवायचं, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत. पण मॅडम, आमच्या ह्यांचा पाय काळा पडत चालला होता ना, तेव्हा दवाखान्यात त्यांनाही असंच नुसतं ठेवलं होतं."