शेंगेचा मालक

सालिमसाहेब मस्कतहून व्हॅनिला घ्यायला आंबेखोलात आले, तेव्हा दत्तारामने स्वतःच्या हाताने टोपलीतली शेंग उचलली. लगेच पडवीभर सुकटीचा वास सुटला.

"अरे, यह तो मछली है!" साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

दारात उभ्या प्रमिलाला नवऱ्यासकट सौदा बुडताना दिसला. आजवर आंबेखोलातून परदेशी गेला तो फक्त सुरण, कारण हाताला खाज सुटते म्हणून चोर त्याच्या वाटेला जात नसत. बाकी सगळं पिकायच्या आतच चोरीला जाई. आता ही नवी व्हॅनिला आली होती. व्हॅनिलाचे परागकण फुलात हातानेच ठेवावे लागतात आणि ही शेंग तो हात लक्षात ठेवते. परक्या हातात पडली की ती सुकटीचं सोंग घेते. गावातले चोर बिचारे सुरणाकडे वळले होते.

"पण मालक मी आहे!" दत्ताराम ओरडला. "सातबारा माझ्या नावावर आहे!"

"शेंगेला वाचता येत नाही हो," प्रमिला म्हणाली. "पहाटे वेलीपाशी कोण असायचं आणि घोरायचं कोण, एवढंच तिला कळतं. व्हा बाजूला."

तिने तीच शेंग घेतली आणि पडवी आईस्क्रीमच्या दुकानासारखी घमघमली. तिने राजीखुशीने दिली, तशी ती साहेबांच्या हातातही घमघमत राहिली. साहेबांनी रुमाल खिशात घातला, करार काढला आणि मालकाचं नाव दत्तारामला न विचारताच लिहिलं.

संध्याकाळी दत्ताराम मोबाईलमध्ये पहाटेचा गजर कसा लावतात, ते बायकोला विचारत होता.