दुसरी बाटली

"डिटेक्टिव्हचं मला एवढंच आवडतं," डब्याचं झाकण काढत ती म्हणाली, "तो कोणाच्या बाजूचा नसतो. पुरावा जिकडे जाईल तिकडे तो. पुरावा घरमालकाच्या दारात गेला, तर घरमालकाच्या दारात."

"म्हणूनच तो खोटा वाटतो," समोर बसलेला सहकारी म्हणाला. "खरा माणूस म्हणजे हेर. त्याने कोणाचं तरी मीठ खाल्लेलं असतं, राहायचं असतं दुसऱ्याच कोणाच्या घरात, आणि दोन्हीकडे तोंड सांभाळायचं असतं. तुझ्या डिटेक्टिव्हला बायको नाही, पोरं नाहीत. त्याचं काय जातंय खरं बोलायला?"

पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत दोघे रसायनज्ञ म्हणून एकाच दिवशी रुजू झाले होते. अठरा वर्षं ते दुपारी एक वाजता याच टेबलावर जेवत आणि याच विषयावर भांडत. रहस्यकथा तिच्या, हेरकथा त्याच्या. बाकीचे कर्मचारी या टेबलाला 'तपास खातं' म्हणत आणि लांब बसत.

आज तीन वाजता तिला संचालकांपुढे उभं राहायचं होतं. एका शाळेच्या टाकीतल्या पाण्यात तिला शिसं सापडलं होतं, मर्यादेच्या नऊपट. तिच्या अहवालावरून टाकी बंद झाली. त्याच नमुन्याची दुसरी बाटली नियमाप्रमाणे मोहोरबंद करून फ्रिजमध्ये ठेवलेली होती. ती संचालकांनी काल उघडून तपासून घेतली. तिच्यात शिसं नव्हतं. आपला अहवाल चुकला, असं तिने आता लिहून द्यायचं होतं, म्हणजे टाकी पुन्हा सुरू करता येणार होती.

"मग, डिटेक्टिव्हबाई," तो म्हणाला, "काही धागादोरा?"

"आहे." तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. "शिसं भांड्याला चिकटू नये म्हणून आपण नमुन्यात आम्ल घालतो. मी ते टाकीपाशीच घातलं, एका मोठ्या कॅनमध्ये. त्याच कॅनमधून दोन्ही बाटल्या भरल्या. म्हणजे दोन्हींची आम्लता सारखी हवी. आज सकाळी दोन्हींतल्या उरलेल्या पाण्याचा पीएच मोजला. पहिलीचा एक पूर्णांक तीन, दुसरीचा एक पूर्णांक सहा. म्हणजे दुसरीत आम्ल कमी."

"मीटर बिघडला असेल."

"दोन मीटर वापरले. तीन-तीनदा."

तो खाली बघून जेवत राहिला.

"दुसऱ्या बाटलीतलं पाणी कोणीतरी बदललं," ती म्हणाली. "आणि आम्ल घालावं लागतं हे त्याला माहीत होतं. म्हणजे शिपाई नाही, कारकून नाही. माझा हात सढळ आहे, अंदाजाने ओतते आणि जास्तच ओतते. त्यावरून तू मला इतकी वर्षं ऐकवत आलायस. बदलणाऱ्याने मात्र लिटरला दीड मिलिलिटर घातलंय. पिपेटने मोजून, नियमपुस्तिकेत आहे तेवढंच. चोरी करतानाही नियमपुस्तिका पाळेल असा या इमारतीत एकच माणूस आहे, रे."

घरून आणलेल्या पाण्याचा एक घोट त्याने घेतला.

"छान," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "तर्कात खोट नाही. पण पुस्तकात यानंतर सगळे दिवाणखान्यात जमतात. शेवटचं पान येईपर्यंत कोणी जागचं हलत नाही, गुन्हेगारसुद्धा मन लावून ऐकतो. तुझ्यासाठी वर कोण बसलंय ऐकायला?"

"मी सही करणार नाही."

"नको करूस. दोन रसायनज्ञांपैकी एकाची पुरते."

"कोणाची?"

त्याने पोळीचा तुकडा मोडला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"टाकी साडेअकराला सुरू झाली," तो म्हणाला. "मधल्या सुट्टीच्या आत. तीन वाजता आता फक्त तुझं काय ते ठरायचंय."

"तुला आकडा माहीत होता. नऊपट."

"आकडा सगळ्यांनाच माहीत होता, अगं."

"मी शाळेत फोन करते."

"कर. उचलतील. नव्या अहवालाबद्दल बोलताय की जुन्या, असं विचारतील. आणि मग तो फोन इकडेच लावून देतील."

तिने डब्याचं झाकण लावलं; ते नीट बसलं नाही, तसंच राहू दिलं. मोजणीच्या दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, पुन्हा एकदा वाचल्या आणि घडी घातली.

"दुसरी बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणार आहे, हे मी एकट्या तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "सोमवारी. इथेच बसून."

"हो."

"म्हणजे इथलं बोलणं वर जातं."

"सहा वर्षं झाली."

"सगळं?"

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. आपल्याजवळ एक तरी स्वच्छ गोष्ट उरली आहे, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला.

"सगळं नाही," तो म्हणाला. "पुस्तकांविषयी आपण जे बोलायचो, त्यातलं मी अक्षरही कधी सांगितलं नाही."

ती उठली. खुर्ची आत सरकवली.

"सांगितलं नाहीस," तिने विचारलं, "की त्यांनी कधी विचारलं नाही?"